सरकारी जावई

तुरुंगातल्या माणसाच्या औषधपाण्याचा विषय काढला की खाली एक कमेंट ठरलेली असते. "कैद्यांना काय सरकारी जावई करून ठेवायचं का?" तर बघू या, जावयाचा पाहुणचार कसा चालतो ते.

फादर स्टॅन स्वामी, झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे पाद्री, वय ८३, पार्किन्सन्सचे (हात थरथरण्याच्या आजाराचे) रुग्ण. एल्गार परिषद प्रकरणात, म्हणजे माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून, एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून उचललं आणि तळोजा जेलमध्ये ठेवलं. हात इतके थरथरायचे की पेला धरता येईना. म्हणून ६ नोव्हेंबरला कोर्टात अर्ज केला, स्ट्रॉ आणि सिपर (चोखून प्यायचा झाकणाचा पेला) मिळावा. उत्तर द्यायला एनआयएने २० दिवस घेतले. उत्तर काय, तर अटकेच्या वेळी त्यांचा सिपर आम्ही घेतलेलाच नाही! मग कोर्टाने जेलला विचारलं, पुढची तारीख पडली. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूची ही कथा.

पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा कळलं की तळोज्यात एमबीबीएस डॉक्टरच नाही, आहेत ते आयुर्वेदाचे. आयुर्वेदाशी माझं काही वाकडं नाही, पण कोविडची दुसरी लाट चालू होती हो. २१ मे २०२१ ला फादर व्हिडिओवरून न्यायमूर्तींना म्हणाले, आठ महिन्यांपूर्वी आलो तेव्हा स्वतः जेवायचो, आंघोळ करायचो, चालायचो. आता ते काहीच जमत नाही. सरकारी जे. जे. रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. आठवड्याने वांद्र्याच्या होली फॅमिली या खाजगी रुग्णालयात हलवायचा आदेश निघाला. तिथे कोविड निघाला. ५ जुलैला जामिनावर सुनावणी होती, त्याच दिवशी डॉक्टरांनी कोर्टाला मृत्यूची बातमी दिली. खटला उभासुद्धा राहिला नव्हता.

आजारी कैद्याची खबर डॉक्टरपर्यंत विनाविलंब गेली पाहिजे, हे १८९४ च्या तुरुंग कायद्यात लिहिलंय. म्हणजे इंग्रजाच्या काळातलं.

स्टॅन स्वामींचं नाव निदान पेपरात आलं. पांडू नरोटे ऐकलाय? गडचिरोलीचा आदिवासी, माओवाद्यांशी संबंधाच्या खटल्यात दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबांसोबत जन्मठेप झालेला. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर जेलमध्ये तापाने फणफणला आणि गेला. वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, असा वकिलांचा आरोप. मार्च २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, त्यात पांडूही आला.

मला खटकतं ते असं की आत धड उपचार नसल्याने आजारी माणसाला जामीनच मागावा लागतो. आणि जामीन म्हटला की गुन्हा केवढा गंभीर, यावर वाद सुरू. अरे, ताप किती आहे ते बघा ना आधी! डॉक्टरांच्या जागा भरा, दवाखान्यात न्यायला पोलीस गार्ड वेळेवर द्या, मग जामिनाचं काय ते कोर्ट ठरवेल. फादरांच्या बाजूने चांगले वकील होते, तरी एवढे महिने गेले. आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. ज्याला मुलाकातीला घरचं कोणी फिरकत नाही, त्याने हा अर्ज कोणाकडून लिहून घ्यायचा?