मामा, अडीच लाख डॉलरला ७,५७६ गुरं लागतात

"अमेरिकेत कोरोनात प्रत्येक शेतकऱ्याच्या खात्यात घरबसल्या अडीच लाख डॉलर, ना अट ना कागद, टॅक्स पण माफ, आणि आपल्याकडे २००० रुपये!" हा फॉरवर्ड कधीपासून फिरतोय, मी कधी नादी लागलो नव्हतो. पण काल आमच्या मामानेच तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शेती करावी तर तिकडे." मामाकडे ८ म्हशी आहेत. म्हणून बसलोय लिहायला.

आधी ते अडीच लाख. अरे ती तिकडच्या कोरोना मदतीची मर्यादा आहे, मर्यादा! कितीही गुरं असू देत, एका माणसाला त्याच्या वर नाही. बँकेच्या बोर्डावर "१० लाखांपर्यंत कर्ज" वाचून अख्ख्या गावाला १० लाख मिळाले म्हणण्यातला प्रकार आहे हा. अमेरिकेच्या कृषी खात्याचं दरपत्रक आहे ना, ते बघा: १६ एप्रिल ते १४ मे २०२० या काळात मांसासाठीची जितकी गुरं ताब्यात होती त्यांना प्रत्येकी ३३ डॉलर, म्हणजे तेव्हाचे अडीच हजार रुपये. या दराने अडीच लाख गाठायला ७,५७६ गुरं लागतात. मामा, तुझ्या ८ ला गुणून बघ, २६४ डॉलर. (दुधाच्या जनावरांचा हिशोब तिकडे दुधावर होता, पण ते असू दे.)

१५ जानेवारी ते १५ एप्रिलमध्ये विकलेल्या जनावरांना दर जास्त होता, कापायला तयार असलेल्याला २१४ डॉलर, मान्य. पण नेब्रास्कातली चेरी काउंटी घ्या. मांसाच्या गायी अख्ख्या अमेरिकेत तिथे सगळ्यात जास्त, आकार जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढा आणि माणसं सहा हजारसुद्धा नाहीत. तिकडे वासरं साधारण वसंतात होतात आणि दिवाळीच्या आसपास बाजारात जातात, मग त्या तीन महिन्यांत ज्याने काही विकलंच नाही त्याला तो २१४ चा दर काय कामाचा? ३०० गुरंवाल्याला ३३ ने ९,९०० डॉलर. सप्टेंबरमध्ये मदतीची दुसरी फेरी आली, तिच्यात ५५ डॉलर झाले, पण त्यातून पैदाशीची जनावरं वगळली.

"ना अट" साफ खोटं. पहिल्या फेरीत जानेवारी ते एप्रिल भाव किमान ५ टक्के पडलेला असला तरच तो माल यादीत, आणि वर्षाचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या पुढे असेल तर दार बंद, त्यातलं किमान ७५ टक्के शेतीचं असेल तरच सूट. टॅक्स माफ नव्हता, ही रक्कम शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवावीच लागते.

"घरबसल्या" मात्र अर्धं खरं. ऑफिसं लोकांना बंद होती, अर्ज फोन-ईमेलवर, आणि गुरांचा आकडा शेतकऱ्याने स्वतःच लिहून द्यायचा, तपासणी नंतर काहींचीच. आणि पैसे डोक्यामागे असल्यामुळे ज्याचा कळप मोठा त्याचा चेक मोठा, तीन भागीदार राबत असलेल्या कंपनीला तर साडेसात लाखांपर्यंत. इथे शिव्या घाला, मी पण घालतो.

राहिले आपले २०००. ते कोरोनाचे नव्हतेच रे मामा. पीएम-किसानचे वर्षाचे ६००० असतात, त्यातलाच हप्ता एप्रिल २०२० मध्ये लवकर टाकला. चिडायचं तर याच्यावर चिड.