‘जितके कडक शॉकअप, तितकी पकड’: चोर्ला घाटात महागात पडेल असा सल्ला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. त्याचा सारांश असा: वळणावर गाडी झुकते ना, मग कंपनीचे शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढा आणि कडक गॅसचे बसवा. जितके कडक तितकी पकड. पुढचे दोन बदलले तरी पुरे. स्प्रिंगचा एक वेढा कापला तर गाडी रस्त्याला चिकटून पळेल. वजनही जास्त घेईल. अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्यावर, पैसे घालवू नका.

यातल्या काही चुका नुसत्या पैशाच्या आहेत, काही मात्र जिवावर बेतणाऱ्या. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी झुकण्याचं बघू. वळणावर गाडी किती झुकणार हे स्प्रिंगचा कडकपणा, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं आवरणारी दांडी), गाडीची उंची आणि दोन चाकांमधली रुंदी यांवर ठरतं. शॉकअपच्या हाती असतो तो फक्त झुकण्याचा वेग. वंटमुरी घाटात लांब वळणावर एकाच वेगाने गाडी धरून ठेवा, शॉकअप कुठलेही असोत, झुकाव जवळपास तेवढाच राहील. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात गोष्ट वेगळी. तिथे डावं वळण संपायच्या आत उजवं येतं आणि गाडीचं वजन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातं. चांगला शॉकअप हे वजन हिसका न देता नेतो, स्टीअरिंगला गाडी लगेच साथ देते. म्हणजे फायदा खरा आहे, पण मेसेजवाला सांगतो तो नव्हे.

आता ‘जितके कडक तितकी पकड’. माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. पकड टायर देतो, आणि तोही रस्त्याला टेकलेला असेल तरच. खड्ड्यावरून, उंचवट्यावरून जाताना चाक वरखाली होणारच. स्प्रिंग त्याला हलू देते. शॉकअपमध्ये पिस्टन बारीक झडपांतून तेल ढकलतो आणि त्या हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, म्हणून गाडी डोलत राहत नाही. कारच्या शॉकअपमध्ये परत उघडतानाचा, म्हणजे रिबाउंडचा, अडसर दाबतानाच्या अडसरापेक्षा बहुधा दुप्पट-तिप्पट ठेवतात. हा मेळ त्या मॉडेलचं वजन आणि त्याची स्प्रिंग धरून जुळवलेला असतो. दाबतानाचा अडसर अती वाढवला तर उंचवटा चाकाबरोबर अख्खी गाडी उचलतो. रिबाउंड अती कडक झाला तर चाक खड्ड्यात वेळेवर उतरतच नाही. खड्डे लागोपाठ आले की स्प्रिंगला पूर्ण उघडायला फुरसत मिळत नाही, प्रत्येक खड्ड्याला ती थोडी अधिक दबलेली राहते आणि शेवटी गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळू लागते. चोर्ल्याच्या वाटेवरचा जांबोटी ते कणकुंबी हा पट्टा किती पावसाचा, हे आपल्याला कुणी सांगायला नको. उखडलेल्या ओल्या वळणात ब्रेक दाबला आणि नेमकं चाक उचललेलं असलं, तर ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा हतबल होतं. त्याला काम करायलाही टायर जमिनीवर लागतो.

‘गॅसचे’ या शब्दाला उगाच वजन दिलं गेलंय. गॅसच्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. नायट्रोजन त्या तेलावर दाब ठेवतो, म्हणजे सतत हालचालीने तेलाला फेस येत नाही आणि शॉकअप ढिला पडत नाही. आजच्या पुष्कळ गाड्यांना कंपनीतूनच गॅसचे शॉकअप येतात. एकाच नळीचा मोनोट्यूब प्रकार उष्णता लवकर बाहेर टाकतो, हा त्याचा खरा गुण. पण त्यात पिस्टन बाहेरच्या नळीतच फिरतो. दगड लागून नळीला पोचा आला की पिस्टन अडकू शकतो. नळीत नळी असलेल्या ट्विन-ट्यूबला बाहेरून लहान पोचा आला तर सहसा निभावतं. खडीच्या रस्त्याने रोज शेतावर जाणाऱ्याने हा विचार जरूर करावा.

पुढचे दोनच बदलले तर पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बदलतो. एका अ‍ॅक्सलवर डावा-उजवा जोडीनेच बदलायचा, आणि चारही सारखेच झिजले असतील तर चारही.

स्प्रिंग कापण्याबद्दल मात्र सौम्य बोलता येत नाही. कापलेलं टोक स्प्रिंग टेकते त्या वाटीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग जागची सरकू शकते. गॅसकटरने कापली तर त्या उष्णतेने तिथलं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद कमकुवत होतं. वर शॉकअपची चाल कमी होते आणि गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला बंप स्टॉप मार खातो. वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफरही मला पटत नाहीत. ते काही वेढे जखडून स्प्रिंग कडक करतात, ताण बाकीच्या वेढ्यांवर जातो आणि मूळ शॉकअपला ती आवरत नाही.

वजनाचा दावाही खोटा. खानापूरकडून रताळ्याची पोती भरून येणाऱ्या पिकअपचा भार मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पेलतात, शॉकअप नव्हे. शिवाय ब्रेक, टायर आणि अ‍ॅक्सलची मर्यादा होती तेवढीच राहते.

अलाइनमेंट टाळायची नाही. स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. तो शॉकअप तर आहेच, शिवाय चाक कुठल्या कोनात उभं राहायचं हेही तो धरून ठेवतो. खालचे दोन बोल्ट सोडून परत आवळले की कोन थोडा इकडेतिकडे होतो आणि टायर एका बाजूने झिजू लागतो. स्ट्रट खोलायचा तर स्प्रिंग कंप्रेसर हवाच. दबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो, दोरी-पान्यावर ते काम करणारा मेस्त्री स्वतःचा हात पणाला लावतो.

शॉकअप बदलूच नका, असं मी म्हणत नाही. थकलेला शॉकअप ब्रेकचं अंतर वाढवतो, टायरवर खोलगट डाग पाडतो. पण खडखड आवाज आला की आधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी दांडी), टॉप माउंट (स्ट्रटची वरची रबरी बैठक), लोअर आर्म या चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे बुश (सांध्यातली रबरं) आणि टायरमधली हवा तपासा. शॉकअपच्या अंगावर तेलाचा नुसता ओलसर थर असेल तर घाबरायचं कारण नाही, ओघळ असेल तर बदला. घेताना तुमच्या मॉडेलसाठी, त्याच वर्षाच्या गाडीसाठी बनवलेला घ्या. ज्यांची ये-जा कोल्हापूर-धारवाड हायवेवर वेगाने असते, त्यांना त्याच मॉडेलचा, मूळ स्प्रिंगला जुळणारा किंचित कडक शॉकअप मानवतो. टॉप माउंट, बंप स्टॉप आणि डस्ट बूट (धूळ अडवणारं रबरी आवरण) त्याच वेळी नवे टाका, म्हणजे मजुरी दोनदा जाणार नाही. आणि रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. लिफ्टवर लोंबत्या चाकांनी आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. काम सुरू व्हायच्या आधीच मेस्त्रीशी हे बोलून घ्या.