पाटीवर आबांचं नाव

आमच्या नगरकडच्या गावात चर्चचे पत्रे बदलायचे आहेत. दहा हजारांच्या वर देणाऱ्यांची नावं संगमरवरी पाटीवर कोरायची, असं पंच कमिटीने ठरवलंय. पंधरा दिवस मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच वाद चालू आहे. धाकट्या भावाचा मला इकडे इंग्लंडात, ब्रिस्टलला फोन आला, "दादा, पैसे पाठव. आपण आबांचं नाव लावू." आबांनी तीस वर्षं त्या चर्चची घंटा वाजवली. माझा गळा दाटून आला, तरी मी नको म्हणालो.

पाटी हवी म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एका काकांनी लिहिलंय, "ज्यांच्या आजोबांना गावाने कधी धड नावाने हाक मारली नाही, त्यांचं नाव दगडावर आलं तर बिघडलं कुठे?" आमच्या मंडळीतली बहुतेक घरं महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेली. नाव मिळणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण मग दहा हजारांची अट कशाला? दर शनिवारी चर्च झाडणाऱ्या मावशी रविवारी पदराची गाठ सोडून वीस रुपये थैलीत टाकतात. आजोबा त्यांनाही होतेच की!

इथे मी ज्या चर्चमध्ये जातो तिथे अर्पणाच्या लिफाफ्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटायचं. म्हणून इथले लोक जास्त भाविक, असं मात्र मुळीच नाही. एडवर्ड कोल्स्टन गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेला माणूस. त्याने या शहरातल्या शाळांना, चर्चना भरपूर दिलं. शहराने १८९५ मध्ये त्याचा पुतळा उभारला, चर्चच्या रंगीत काचांमध्येही त्याला जागा दिली. ७ जून २०२० ला लोकांनी तो पुतळा दोर लावून पाडला आणि बंदरात ढकलला. मग चर्चलाही त्या काचांचं काय करायचं, हे ठरवावं लागलं.

याच शहरात ॲश्ली डाउनला जॉर्ज म्यूलर यांनी पाच मोठी अनाथगृहं बांधली, दहा हजारांच्या वर मुलं सांभाळली. पैसे माणसांकडे मागायचे नाहीत, देवाकडेच मागायचे, हा त्यांचा नेम. हिशोब मात्र चोख छापायचे. रक्कम नोंदलेली, देणाऱ्याचं नाव झाकलेलं. आपल्या पंडिता रमाबाईंनी त्यांचं चरित्र वाचलं होतं आणि केडगावचं मुक्ती मिशन त्याच भरवशावर चालवलं.

रमाबाई १८८० च्या दशकात इथून जवळच, चेल्टनमला होत्या. धर्म सोडला म्हणून पुण्यातले लोक संतापलेले, आणि इथल्या मठातल्या सिस्टरांना वाटे, ही बाई प्रश्न फार विचारते. त्यांना रमाबाईंनी स्पष्ट कळवलं होतं की एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही. शाबासकी ना इकडून, ना तिकडून. घरापासून इतक्या लांब, पदरात लहान लेक. या एकट्या बाईने कुणाच्या तोंडाकडे बघून दिवस काढले असतील, हा विचार चेल्टनमला गेलो की दर वेळी मनात येतो. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूचं वचन मी शब्बाथ शाळेत पाठ केलं होतं. ते मला कळलं रमाबाईंमुळे.

भावाला म्हणालो, पैसे पाठवतो, पावती 'मंडळीतला एक' अशी फाडायला सांग. आणि पत्र्यांचा हिशोब रुपयान् रुपया चर्चच्या दाराला लावा, मावशींचे वीस धरून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घंटेचा दोर पार कुजलाय रे." नाताळात मी येतोय, तेव्हा दोघं मिळून तो बदलणार आहोत.