सीताबर्डीचा लिलाव आणि रेगेन्सबर्गचा तबेला

एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार सुमारे 47 लाख रुपयांना घेतली आणि आमच्या नागपूरच्या घरात दोन तट पडले. शहरातल्या महाल भागात राहणारे काका म्हणाले, ‘आपल्याच घरातली वस्तू पैसे मोजून परत घ्यायची, याला काय म्हणावं?’ त्यावर चुलतभावाने उत्तर दिले, की गहाण पडलेला दागिना आपण सोडवतोच ना, मग त्यात कमीपणा कसला. मी गेली अकरा वर्षे बव्हेरियात, डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबर्ग गावात राहतो, आणि हा वाद फोनवर ऐकताना मला सारखे वाटत होते की दोघेही किमतीवर आणि मालकीवर भांडत आहेत. वस्तू परत आल्यावर ती कोण पाहणार, हे कोणीच विचारत नाही.

काकांचा राग मला समजतो, कारण त्याचे मूळ तलवारीत नाही. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून नागपूरचे राज्य खालसा केले, आणि पुढच्या वर्षी भोसल्यांच्या पागेतले हत्ती, घोडे, बैल नागपुरातल्याच सीताबर्डीवर लिलावात काढले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विक्रीला गेले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बांकाबाईंनी वाड्याला आग लावीन अशी धमकी दिल्याची नोंद आहे. एखाद्या घराण्याचे दागिने बोलीवर चढणे म्हणजे काय, हे नागपूरकरांच्या आठवणीत असे बसले आहे: ती अब्रूची गोष्ट आहे, आणि समोरचा विकणारा लुटारू आहे.

मी ज्या गावात राहतो तिथल्या सरदार घराण्याने मात्र स्वतःच लिलाव मांडला. टूर्न उंट टॅक्सिस या घराण्याने युरोपभर टपाल चालवून अफाट पैसा केला, 1867 मध्ये प्रशियाने ते टपाल काढून घेतले, तरी जमिनी, जंगले आणि शेकडो खोल्यांचा सेंट एमेराम राजवाडा शिल्लक राहिला. 1990 च्या अखेरीस तेव्हाचे प्रिन्स योहानेस वारले. मागे डोंगराएवढे कर्ज, वारसा कराची मागणी आणि अल्पवयीन मुलगा राहिला. त्यांच्या पत्नी ग्लोरिया यांनी नोव्हेंबर 1992 मध्ये जिनिव्हात दागिने, चांदीची भांडी आणि तपकिरीच्या रत्नजडित डब्या विकायला काढल्या, आणि पुढच्या वर्षी राजवाड्यातल्या बाकीच्या वस्तूंचाही लिलाव केला.

जिनिव्हाच्या त्या विक्रीतला एक मुकुट सांगण्यासारखा आहे. तिसऱ्या नेपोलियनने 1853 मध्ये आपल्या लग्नात सम्राज्ञी युजेनीसाठी तो घडवून घेतला होता; त्यात दोनशेवर मोती आणि जवळजवळ दोन हजार हिरे. पुन्हा राजा नको या हट्टापायी फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने 1887 मध्ये राजघराण्याचे जवाहीर लिलावात विकले, त्यात हाही गेला. 1890 मध्ये टूर्न उंट टॅक्सिसांच्या राजपुत्राने तो नवरीसाठी घेतला, आणि 1980 मध्ये ग्लोरियांनी स्वतःच्या लग्नात तो डोक्यावर ठेवला. 1992 मध्ये पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयासाठी तो परत विकत घेतला गेला. म्हणजे फ्रान्सनेही आपली वस्तू पैसे मोजूनच सोडवली. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘त्यांनी स्वतः विकली होती, आमची काढून नेली.’ या फरकावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

पण पुढचा भाग काकांनी स्वतः पाहिला. घराण्याकडे उरलेल्या करापैकी काही भाग बव्हेरिया सरकारने रोखीऐवजी वस्तूंच्या रूपाने घेतला, आणि 1998 मध्ये त्या वस्तू त्याच राजवाड्याच्या जुन्या तबेल्यात संग्रहालय करून मांडल्या. गेल्या खेपेला काका इथे आले तेव्हा मी त्यांना तिथे नेले. तळहातात मावेल एवढ्या सोन्याच्या डबीपाशी ते बराच वेळ वाकून उभे होते, चष्मा कपाळावर सरकवून. ही कराच्या बदल्यात आली, असे मी सांगितल्यावर म्हणाले, ‘म्हणजे पावतीच काचेत ठेवली की!’

आपल्याकडे ही वाट नाही. वारसा कर आपण 1985 मध्ये रद्द केला, त्यामुळे वळता करायला करच उरला नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुना दागिना खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु घरातला सरपेच जपावा, तो आहे असे चारचौघांत सांगावे, यासाठी कोणत्याही वारसदाराला त्या कायद्यात काही मिळत नाही. गरज पडली की मग सराफाचा काटा असतोच. खडे एकीकडे, सोने दुसरीकडे. हैदराबादच्या निजामाचे जवाहीर या कायद्यामुळेच परदेशी लिलावात गेले नाही; प्रदीर्घ कज्ज्यानंतर केंद्राने 1995 मध्ये 173 नग सुमारे 218 कोटींना घेतले, आणि तेव्हापासून त्यांचा मुक्काम बहुतांशी रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहे. 2001, 2006 आणि 2019 मधली प्रदर्शने सोडली, तर निजामाचे दागिने जनतेच्या मालकीचे असूनही जनतेला दिसलेले नाहीत.

याउलट बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास तो करवला. मदिनेला अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता असे सांगतात. पुढे महाराणी सीतादेवींनी तो मोनॅकोला नेला, 2009 मध्ये दोह्यात त्याला जवळजवळ 55 लाख डॉलर मिळाले, आणि आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोह्यात नोकरी करणारा मराठी माणूस सुट्टीच्या दिवशी जाऊन तो पाहू शकतो. गालिचा आपल्या हातून गेला याचे मला वाईट वाटते. तरीही तो सुटा होऊन गळ्यागळ्यांत विखुरला नाही, याचे समाधान जास्त वाटते, आणि हे नागपूरला मोठ्याने बोलायची माझी हिंमत होत नाही.

मांडलेली वस्तू जाते, हेही खरे. 19 ऑक्टोबर 2025 रोजी चोरांनी लूव्ह्रमधून आठ नग पळवले, त्यांत युजेनीचा तो मोत्यांचा मुकुटही होता. चुलतभावाने त्याच रात्री मला बातमी पाठवली आणि खाली लिहिले, ‘तिजोरीच बरी.’ मी अजून पटवून घेतलेले नाही. तिजोरीतली वस्तू चोरीला जात नाही हे कबूल, पण तिच्याविषयी राग येणारे किंवा प्रेम वाटणारे माणूसही तयार होत नाही. काकांनी बांकाबाईंची गोष्ट मला सांगितली ती मी सातवीत असताना, अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, नाण्यांच्या कपाटासमोर. बाहेर पाऊस होता म्हणून आम्ही दोन तास आत थांबलो होतो.