एकच फाइल, सगळ्या साइटी?

‘आरटीकेलिबसाठी ही एकच कॉन्फिगरेशन फाइल वापरा, काहीही न बदलता कुठेही सेंटिमीटरची अचूकता मिळवा’ असा संदेश मोजणीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला, आणि ती फाइल तो उद्याच्या कामाला लावणार होता. म्हणून हे लिहिणे भाग आहे. आरटीकेलिब म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून नेमके स्थान काढणारे सॉफ्टवेअर, आणि कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे त्याच्या सेटिंगची यादी.

त्यातली सर्वांत घातक ओळ बेसच्या, म्हणजे एका जागी स्थिर ठेवलेल्या रिसीव्हरच्या, स्थानाची. तिथे कुणाच्या तरी बेसचे निर्देशांक मिलिमीटरपर्यंत भरलेले आहेत. हा प्रोग्राम बेसपासून रोव्हर, म्हणजे मोजायच्या बिंदूंवर फिरवला जाणारा रिसीव्हर, किती अंतरावर आणि कुठल्या दिशेला आहे एवढेच काढतो आणि ते बेसच्या दिलेल्या स्थानात मिळवतो. बेस चुकला की तेवढीच चूक प्रत्येक बिंदूत उतरते. आकडे दुसऱ्या जिल्ह्यातले असतील तर उत्तर इतके बिघडते की कुणाच्याही लक्षात यावे. खरा धोका त्याच शिवारात ट्रायपॉड दोन मीटर सरकवून जुनेच आकडे ठेवण्यात आहे: निकालात गुणवत्तेच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘१’, म्हणजे फिक्स (सेंटिमीटरच्या अचूकतेचे पक्के उत्तर), दिसत राहते आणि सगळे बांध दोन मीटर सरकलेले असतात. बांधाच्या वितीवरून कोर्टकचेऱ्या होतात, तिथे हे कोण निस्तरणार?

‘रेशोची मर्यादा ३ वरून १.५ करा, फिक्स वाढतील’ हा सल्लाही तसलाच. रेशो म्हणजे सर्वांत चांगले उत्तर दुसऱ्या क्रमांकाच्या उत्तरापेक्षा किती पट सरस आहे तो आकडा; तो मर्यादेच्या वर गेला तरच उत्तर फिक्स मानले जाते. फिक्स वाढतील, पण त्यांत खोटे किती हे कळणार नाही. एल१ या जीपीएस लहरीची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे, म्हणजे उपग्रहापर्यंतच्या अंतरात किती पूर्ण लहरी बसतात तो पूर्णांक चुकला की सेंटिमीटरची भाषा संपली.

‘फाइल दिली की कमांडवरचे पर्याय (प्रोग्राम चालवताना ओळीत टाइप केलेल्या सेटिंग) निकामी होतात’ हे तर धादांत खोटे. आरटीकेलिबमधल्या आरएनएक्स२आरटीकेपी या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या स्वतःच्या मदत-मजकुरात लिहिले आहे की ‘-के’ने फाइल दिली तरी कमांडवरचे पर्याय फाइलवर मात करतात. मूळ कोडही तेच सांगतो: पहिल्या फेरीत फक्त ‘-के’ शोधला जातो, दुसऱ्या फेरीत बाकीचे पर्याय त्यावर चढतात. फाइलमध्ये उन्नतीकोनाची मर्यादा (क्षितिजापासून त्याहून खाली असलेले उपग्रह वगळण्याची) १५ अंश असली आणि कमांडवर ‘-एम २०’ दिले, तर २०च लागू होते. बेसचे स्थानही ‘-आर’ने साइटगणिक देता येते, आणि तसेच द्यावे.

खिडक्यांत टिचक्या मारण्यापेक्षा फाइल बरी, कारण कुठल्या सेटिंगवर काम झाले ते नंतर पाहता येते, एवढे मात्र कबूल करावे लागते. पण फाइलमध्ये पर्यायाचे नाव चुकीचे टाइप झाले, तर प्रोग्राम ती ओळ निमूटपणे वगळतो, साधी सूचनाही देत नाही. म्हणून निकालात सेटिंग छापणारा ‘आउट-आउटऑप्ट’ हा पर्याय चालू ठेवावा आणि निकालाच्या माथ्यावर छापलेल्या सेटिंग आधी वाचाव्यात.