स्पीड टेस्ट उत्तम, पिंग कमी, मॉस ४.२, मग आवाज का तुटतो?

इंटरनेट फोन वापरणाऱ्या ऑफिसांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सारखा फिरतो: ‘आवाज तुटतोय? स्पीड टेस्ट करा, पिंग बघा, डॅशबोर्डवर मॉस ४च्या वर आहे का ते बघा. तिन्ही ठीक असेल तर नेटवर्क स्वच्छ. दोष हेडसेटचा, नाहीतर समोरच्याचा.’ (पिंग म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मॉस म्हणजे आवाजाच्या दर्जाचा १ ते ५मधला गुण, डॅशबोर्ड म्हणजे हे आकडे दाखवणारं फोन यंत्रणेचं पान.) हा सल्ला मानून धडधाकट हेडसेट बदलले जातात, महागडे प्लॅन घेतले जातात आणि कॉल मात्र तसाच तुटत राहतो.

आधी वेग. जी.७११ या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या पद्धतीत) आवाजाचे २० मिलीसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर आयपी, यूडीपी, आरटीपी या वाहतूक-नियमांच्या शीर्षकांचे मिळून ४० बाइट. हिशेब होतो ८० केबीपीएस, इथरनेटचं वेष्टन धरून साधारण ८७. दहा जण एकाच वेळी बोलले तरी एका दिशेला १ एमबीपीएस पुरतो. त्यामुळे ५०चा प्लॅन २००चा केल्याने आवाज आपोआप सुधारत नाही. गाडी अडते ती बहुधा अपलोडला. कुणी मोठी फाइल वर चढवली, सीसीटीव्हीचा बॅकअप सुरू झाला, की आवाजाची पॅकेटं त्या ढिगाऱ्यामागे रांगेत उभी राहतात. अपलोड २ एमबीपीएस आणि राउटरची रांग २५६ किलोबाइटची असेल, तर भरलेल्या रांगेच्या शेपटाला बाहेर पडायला सुमारे एक सेकंद लागतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस म्हणते, एका दिशेचा विलंब १५० मिलीसेकंदांच्या आत ठेवा.

उपाय राउटरवर आहे. अपलोड प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग सेवादात्याच्या यंत्रात न लागता तुमच्या ताब्यात लागते. मग डीएससीपी ४६ची (प्राधान्य मागणारी) खूण असलेली पॅकेटं आधी सोडा. फोनने लावलेली ही खूण वाटेतले काही स्विच पुसून शून्य करतात. म्हणून सेटिंगच्या पानावर विसंबू नका, राउटरच्या आधी आणि नंतर कॅप्चर (जाणाऱ्या पॅकेटांची नोंद) घेऊन बघा.

पिंगचं तर मोजमापच विरळ. विंडोजचा साधा पिंग चार पॅकेटं पाठवतो, सेकंदाला एक. लाइन अधूनमधून २०० मिलीसेकंद अडत असेल तर दर वेळी आवाजाची १० पॅकेटं अडकतात. सतत चालू ठेवलेला पिंगसुद्धा त्या फटीत पाचांतून एकदाच सापडेल. शिवाय पिंग जाऊन-येऊनचा वेळ सांगतो. दोष जाण्याच्या वाटेवर आहे की येण्याच्या, हे त्यातून कळत नाही, आणि कॉलमध्ये तर दोन्ही दिशांचे प्रवाह वेगळे असतात.

‘डॅशबोर्डवर जिटर ५च्या आत आहे’ हा आधारही तितकाच पोकळ. जिटर म्हणजे पॅकेटं येण्याच्या वेळेतला चढउतार, मिलीसेकंदांत. आरएफसी ३५५० (२००३) या इंटरनेट-मानकामधलं सूत्र प्रत्येक नव्या फरकाचा फक्त सोळावा हिस्सा आकड्यात मिसळतं. एक पॅकेट २०० मिलीसेकंद उशिरा आलं तर आकडा १२.५ने चढतो, पुढचं वेळेवर आलं की २४च्या आसपास जातो आणि सेकंदाभरात १वर उतरतो. आरटीसीपीचा (कॉलसोबत जाणाऱ्या दर्जाच्या माहितीचा) अहवाल साधारण पाच सेकंदांनी निघतो. धक्का बसून गेला, आलेख सपाट.

सगळ्यात जास्त दिशाभूल मॉस करतो. मूळ मॉस म्हणजे माणसांनी ऐकून १ ते ५मध्ये दिलेले गुण, त्यांची सरासरी. डॅशबोर्डवरचा मॉस कुणी ऐकून दिलेला नसतो. बहुतेक यंत्रणा तो आयटीयूच्या जी.१०७ ई-मॉडेल या गणिती सूत्राच्या धर्तीवर विलंब, कोडेक आणि गळती (वाटेत हरवलेली पॅकेटं) यांवरून काढतात. सुरुवात आर या दर्जा-गुणांकाच्या ९३.२ पासून, म्हणजे मॉस ४.४१, साध्या नॅरोबँड (जुन्या टेलिफोनइतक्या आवाज-पट्ट्याच्या) कॉलला हेच छत. पाच मिनिटांच्या कॉलमध्ये १५,००० पॅकेटं जातात. गळती १ टक्का, म्हणजे १५०. ही विखुरलेली असतील तर फोन आजूबाजूच्या आवाजावरून भोकं बुजवतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. सलग गेली तर पूर्ण तीन सेकंद शांतता, आणि त्यात सांगितलेल्या मोबाइल नंबरचे चार आकडे गायब. नुसत्या सरासरीवर काढलेला मॉस दोन्हीकडे सारखाच!

त्यात आणखी एक मेख. फोनचा जिटर बफर (पुढेमागे येणारी पॅकेटं सावरण्यासाठी थोडा वेळ थांबवणारा साठा) समजा ६० मिलीसेकंदांचा आहे. त्याहून उशिरा आलेलं पॅकेट फोन टाकून देतो, पण साध्या अहवालात ते ‘मिळालं’ म्हणूनच मोजलं जातं. गळती शून्य आणि आवाज चिंध्या, ही तक्रार इथून येते. आरएफसी ३६११ मधल्या आरटीसीपी एक्सआर या विस्तारित अहवालात गळती वेगळी, टाकून दिलेली पॅकेटं वेगळी आणि सलग गळतीची घनता वेगळी मिळते. फोनमध्ये ही सोय असेल तर ती चालू करून कॉलअखेरचा अहवाल सर्व्हरवर गोळा करा. नुसत्या मॉसपेक्षा हे तीन आकडे कितीतरी उपयोगी आहेत.

हेडसेट आणि समोरच्याबद्दल सल्ल्यात थोडं तथ्य आहे. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल तर दोष बहुधा पलीकडचा असतो: स्पीकरफोन, किंवा ॲनालॉग लाइनचा जोड. पण तुटणाऱ्या आवाजाला हे लागू नाही. एकाच बाजूला आवाज येत असेल तर नॅट (राउटरमधली पत्ते बदलण्याची सोय) आणि राउटरमधलं सिप एएलजी (कॉल जोडणाऱ्या संदेशांत फेरफार करणारी सोय) आधी तपासा.

दोष शोधायचा तर फोनजवळ आणि पीबीएक्सजवळ (ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजजवळ), दोन्ही ठिकाणी स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे वाहतुकीची प्रत मिळते) एकाच वेळी कॅप्चर घ्या. वायरशार्क या पॅकेटं तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘टेलिफोनी’, ‘आरटीपी’, ‘आरटीपी स्ट्रीम्स’ उघडा आणि दोन्ही दिशा तपासा. सरासरी जिटर सोडा, कमाल डेल्टा (लागोपाठच्या दोन पॅकेटांमधलं सर्वांत मोठं अंतर) बघा. तो २० मिलीसेकंदांच्या आसपास हवा. शांततेत पॅकेटं थांबवण्याची सोय चालू असेल तर मोठा डेल्टाही निरुपद्रवी असू शकतो, तेव्हा अनुक्रमांक सलग आहेत का ते पाहा. एका कॅप्चरमध्ये असलेला अनुक्रमांक दुसऱ्यात नसेल, तर पॅकेट त्या दोन ठिकाणांच्या मध्ये हरवलं. कॉल एसआरटीपीने कूटबद्ध असला तरी आरटीपीचं शीर्षक उघडंच असतं, त्यामुळे कुणाचं बोलणं न ऐकता हे सगळं मोजता येतं. सेवादात्याकडे तक्रार करताना स्पीड टेस्टचा फोटो पाठवू नका. कॉलची वेळ, दोन्ही आयपी पत्ते, बिघाडाची दिशा आणि हरवलेले अनुक्रमांक पाठवा.