दहावी अ आणि टल्साची ड तुकडी

लेकीला गेल्या वर्षी आठवीच्या इंग्रजीला 'द आउटसायडर्स' होतं. अर्धं पुस्तक वाचून झालं असेल, तेव्हा एकदा गाडीत मागच्या सीटवरून तिनं विचारलं, "आई, आपण सोश ना?" विचारलं कसलं, खात्री करून घेतली. "आधी पुस्तक संपव," म्हणून मी वेळ मारून नेली.

अमेरिकेत कितीतरी शाळा हे पुस्तक सातवी-आठवीला लावतात. आमच्यासाठी ते जरा जास्तच घरचं, कारण आम्ही ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराच्या उपनगरात राहतो आणि लेखिका एस. ई. हिंटन टल्साचीच. शाळेतला एक मित्र सिनेमाहून घरी येताना मार खाऊन आला, त्या संतापातून पंधराव्या वर्षी तिनं लिहायला घेतलं. १९६७ साली पुस्तक छापून आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पोरांच्या मारामाऱ्या एका मुलीनं लिहिल्यात म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील, म्हणून मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं आली. गोष्ट दोन टोळक्यांची. पूर्वेकडचे गरीब ते ग्रीझर, पश्चिमेकडचे मोटारीवाले ते सोश. सांगणारा पोनीबॉय चौदा वर्षांचा ग्रीझर. आईवडील अपघातात गेलेले. वीस वर्षांचा थोरला भाऊ कॉलेजचा विचार सोडून लोकांच्या घरांची छपरं घालतो आणि धाकट्या दोघांना सांभाळतो. एक भानगड झाली तरी सरकार धाकट्यांना उचलून सुधारगृहात टाकेल, ही टांगती तलवार पहिल्या प्रकरणापासून.

ग्रीझर हे नाव केसांना चोपडलेल्या तेलावरून पडलं. हे वाचून मला हसू आलं. कराडच्या आमच्या शाळेत खोबरेल न लावता आलेल्या मुलालाच पी.टी.चे सर गुंड म्हणायचे.

खून, आग, टोळीयुद्ध, सगळं पुस्तकात आहे. मला मात्र चार ओळींचा एक प्रसंग टोचत राहिला. पोनीबॉय हुशार, म्हणून त्याला वरच्या वर्गात घातलंय. तिथं बहुतेक मुलं सोश. जीवशास्त्राच्या तासाला गांडूळ कापायचं असतं, दिलेलं पातं बोथट निघतं, आणि हा आपल्या तंद्रीत खिशातला चाकू काढतो. शेजारची मुलगी दचकून म्हणते, लोक म्हणतात ते खरंच आहे, तू गुंडच आहेस. बस्स, एवढंच. बाक एकच, पुस्तकं तीच, मार्कही चांगले. तरी पातं नीट चालत नाही म्हटल्यावर हात कुठं जातो, त्यावरून पोरगं कुठलं ते ठरलं.

हे मला परकं का वाटलं नाही, ते सांगते. आमच्याकडे तुकड्या होत्या. अ म्हणजे हुशार, ड म्हणजे 'ढ'चा शेजारी. गुणांवरून तुकड्या पाडतो असं शाळा सांगायची आणि ते खोटं नव्हतं. पण अ तुकडीत डॉक्टर, वकील, प्राध्यापक, बँकवाले यांची पोरं आणि ड मध्ये हमालांची, धुणीभांडीवाल्या मावशींची, उसाच्या फडावरची, हेही तितकंच खरं होतं. आडनावांवरूनही तुकडी ओळखता आली असती. सातवीच्या स्कॉलरशिपमध्ये चमकला म्हणून ड मधला एक मुलगा आठवीला आमच्यात आला. दहावीपर्यंत तीन वर्षं आमच्या वर्गात होता. तीन वर्षांत तो एकाही सहलीला आला नाही. विचारलं की म्हणायचा, "मला एसटी लागते." आम्ही त्याला चिडवायला लिंबं आणायचो, आवळासुपारी द्यायचो. तो रोज बारा किलोमीटरवरच्या गावाहून एसटीनंच शाळेत यायचा, हे माझ्या डोक्यात यायला वीस वर्षं जावी लागली.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'दहावी अ'. २०२४ साली तिथं आरटीईवरून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यावरून, रण पेटलं होतं. २००९च्या कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना दिल्या, सुप्रीम कोर्टानं २०१२ साली त्या कायम ठेवल्या. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेनं या जागा देण्याची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलैला तो बदल रद्द केला. मधल्या काळात आमचे कोथरूड-बाणेरवाले सोडतीची वाट पाहणाऱ्या पालकांना काय काय सुनावत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एका मैत्रिणीचं म्हणणं मला पटलं. ती लहानशी इंग्रजी शाळा चालवते. सरकार या मुलांची फी परत देऊ म्हणतं आणि वर्षानुवर्षं थकवतं, शिक्षकांचे पगार तिनं कुठून करायचे? हा रोकडा प्रश्न आहे. त्याला 'सामाजिक न्याय' हे उत्तर होत नाही, पैसे वेळेवर देणं हेच उत्तर. पण बाकीच्यांचा लाडका मुद्दा वेगळा होता. "अगं, आपल्याला काही नाही, पण त्या मुलांनाच न्यूनगंड येतो. वाढदिवसाला हे कारनं जाणार, ते बघत बसणार. त्यांच्याच भल्यासाठी वेगळं बरं." एवढ्या कळवळ्यानं लिहिलेलं वाचलं की मला ती आवळासुपारी आठवते. न्यूनगंड काय आपोआप येतो? कुणीतरी दचकून 'तू गुंडच' म्हणावं लागतं. म्हणणारी आपलीच पोरं, त्यांना शिकवणारे आपण, आणि उपाय काय, तर समोरच्यानं उठून दुसऱ्या शाळेत जावं!

असा मोठा मजकूर मी रागारागानं टाकलाही. त्यावर एकानं शांतपणे विचारलं, "तुमच्या अमेरिकेत कसं असतं?"

उत्तर लिहायला घेतलं आणि अडकले. घर घेताना एजंटनं आम्हाला स्वयंपाकघर दाखवण्याआधी शाळेचं रेटिंग दाखवलं होतं. इथं पत्ता ठरला की शाळा ठरते, आणि शाळेचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. महाग वस्ती, चांगली शाळा. चांगली शाळा, म्हणून वस्ती आणखी महाग. टेक्सासमधल्या गरीब वस्तीतल्या पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की ही पद्धत राज्यघटनेच्या आड येत नाही. ओक्लाहोमात जागा असेल तर दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे दुसऱ्या हद्दीतल्या शाळेत बदली मागता येते, हे सांगायला हवं. पण मागणाऱ्याकडे रोज ने-आण करायला गाडी आणि वेळ हवा. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईकडे यातलं काय असतं?

म्हणजे माझ्या मुलीच्या वर्गात पंचवीस टक्क्यांची भानगडच नाही. कुणी कुणाला बाहेर काढत नाही, कारण मुळात कुणी आत आलेलंच नसतं. ग्रुपवर भांडण नाही, कोर्टात तारीख नाही, सोडत नाही. आमच्या देशी पार्ट्यांत आम्ही 'गुड स्कूल्स' एवढंच म्हणतो आणि पुढची पाणीपुरी घेतो. पुण्यातले माझे वर्गमित्र निदान तोंडानं बोलतात तरी. आम्ही तेच काम तीस वर्षांच्या होमलोनवर सही करून करतो आणि वर त्यांना उपदेश पाठवतो.

कायद्यातली एक मेख इथं बसून जास्त दिसते. आरटीईचा हक्क आठवीपर्यंत, चौदाव्या वर्षापर्यंत. पहिलीत कुणाचा डबा कसला हे मुलं फार बघत नाहीत. बूट, फोन, गाडी, कोण कुणाशी बोलतं, हे सगळं चौदा-पंधराला सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच कायदा हात सोडतो. नववीची पूर्ण फी भरा नाहीतर दुसरी शाळा बघा. पोनीबॉय चौदाचा आहे, तो उगीच नव्हे.

पुस्तकातलं सगळं मला पटतं असं नाही. त्यातली सोश मुलगी चेरी सांगते की त्रास सगळीकडेच असतो; पोनीबॉयलाही वाटतं की तिच्या अंगणातून दिसतो तोच सूर्यास्त आपल्या मागच्या पायरीवरून दिसतो. वर्गात याच जागेवर पोरं निबंध लिहितात. सूर्यास्त तोच, मान्य. पण पोनीबॉयचं डोकं कारंज्यात बुडवायला निघालेल्या सोश पोरांना आपलं घर मोडेल ही भीती शिवलेली नसते. शिवाय कादंबरीतलं टल्सा गोऱ्यांचंच. १९२१ साली याच शहरात ग्रीनवुड ही काळ्यांची अख्खी वस्ती जाळली, त्याचा धूरही पानांत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा मी करत नाही. शिकवणाऱ्यांकडून करते.

मराठीत हे पुस्तक आलं तर नाव काय द्यावं, असा विचार करत होते. 'उपरे'. आणि लगेच लक्ष्मण मानेंचं 'उपरा' आठवलं, १९८०चं. कैकाड्याच्या पोराला बाप हट्टानं शाळेत घालतो, त्याची गोष्ट. पण ते आत्मकथन आहे, मोठ्यांच्या कपाटातलं. मी लहानपणी वाचलेल्या किशोरकथांत मुलं चोर पकडायची, भुयारं शोधायची. सहलीच्या पैशासाठी खोटं बोलणारं पोरगं एकाही गोष्टीत भेटलं नाही. भेटलं असतं तर निदान लिंबं आणली नसती, असं आपलं मला वाटतं.

पुस्तक संपल्यावर लेकीला ते घर दाखवायला नेलं. कादंबरीवर १९८३ साली निघालेल्या सिनेमात पोनीबॉयचं म्हणून दाखवलेलं घर टल्सात क्रचफील्ड भागात आहे, २०१९ पासून तिथं संग्रहालय आहे. ती बाहेरच थांबून म्हणाली, "एवढंसंच?" आमच्या गॅरेजहून थोडं मोठं. परतताना मी तिला एसटीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तो आता कुठे असतो?"

रात्री ग्रुपवर त्याचं नाव टाकून विचारलं, कुणाकडे नंबर आहे का. दोन अंगठे आले. मग एकीनं लिहिलं, "तो आपल्यातला नाही गं, ड मधला होता ना?"